कुंपणाबाहेरचा ओटा

कुमुदताई आली त्या दिवशी तिच्या धाकट्या भावानं, श्रीकांतनं, गाडीतून आधी तिची पत्र्याची पेटी उतरवली, मग गादी, मग औषधांची पिशवी आणि सगळ्यात शेवटी तिला. "बेबी, बाईंना नमस्कार कर," तो म्हणाला. ती जाड भिंगांच्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल रिबिनी, अंगात शाळकरी मुलीच्या घाटाचा फ्रॉक, आणि कपाळावर चांगली दोन बोटं रुंद पांढरी बट. वय अडतिसाच्या आसपास. श्रीकांतनं तेच पुन्हा जरा मोठ्यांदा सांगितलं. मी घाईघाईनं "राहू द्या, राहू द्या" म्हणाले आणि आम्ही दोघं औषधांच्या वेळांकडे वळलो. बराच वेळ गेला. मग मागून जड जिभेचा, पण अगदी ठाम आवाज आला, "बेबी तिकडंच राहिली. मी कुमुद."

श्रीकांत कसनुसं हसला. मला मात्र त्याच क्षणी कळायला हवं होतं की या बाईशी आपली गाठ आहे.

आमचं घर म्हणजे पुण्यालगतच्या डोंगरांत, रिह्याच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मधोमध, पुण्याच्या एका संस्थेनं भाड्यानं घेतलेलं चार खोल्यांचं कौलारू घर. बुद्धीची वाढ चारचौघांसारखी झालेली नाही अशा मोठ्या माणसांनी दवाखान्यासारख्या इमारतीत न राहता गावात, गावातल्यासारखं राहावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना फार चांगली होती. फक्त घराभोवती तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती. तिथे कुमुदताईखेरीज आणखी तिघंजणं राहत, आणि सगळ्यांचं बघायला मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला माझं वय विचारलं. मी सांगितलं. तिनं स्वतःशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "मी मोठी. तू मला ताई म्हण. मी तुला वासंती म्हणणार." आजवर त्या घरात मीच सगळ्यांची ताई होते. पण हिशेब चोख होता, तक्रार करायला जागा नव्हती. तेव्हापासून ती ताई आणि मी वासंती, ते अगदी शेवटपर्यंत.

तिला प्रश्न विचारला की थांबावं लागे. हे तिच्याबद्दलचं पहिलं आणि शेवटचं ज्ञान. उत्तर तिच्याकडे असायचंच, पण ते कुठूनतरी खालून, विहिरीतून पाणी शेंदावं तसं वर यायचं, आणि मधे कोणी बोललं की दोर सुटायचा. आपल्याला थांबायची सवय नसते. मी विचारायचे, "आज भेंडी करू की गवार?" आणि ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, "भेंडीच करते, आवडते ना तुला?" मग ताटात भेंडी पडली की ती ताट पुढे सारायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, विचारलं होतं ना तुला?"

"विचारलंस," ती म्हणाली. "थांबली नाहीस."

अडतीस वर्षं कोणी थांबलं नव्हतं. कोणी वाईट वागलं होतं असं मुळीच नाही. आई होती तोवर आईनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिचे केस विंचरले, तिचं तोंड पुसलं, तिच्या वतीनं पाहुण्यांशी बोललीसुद्धा. आई गेली आणि तिच्या वतीनं बोलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा घरात सगळ्यांच्या लक्षात आलं की हिला आवाज आहे.

तिच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. आंघोळीला बसली की बादलीतलं पाणी गार होईपर्यंत बाहेर यायची नाही, आणि दार ठोठावलं की आतून "कोण पायजे?" असं विचारायची, जसं काही तिथे आणखी चारजणी राहत होत्या. पर्समध्ये एक कंगवा, एक रिबीन आणि एक लवंग असायची. लवंग कुणाचा दात दुखला तर म्हणून. कुणाचा दात दुखतोय का, हे ती अधूनमधून आशेनं विचारत असे. रागावली की चष्मा काढून ठेवायची. चष्म्याशिवाय तिला हाताभरापलीकडचं दिसत नसे, त्यामुळे तुम्ही तिच्या लेखी नाहीसेच व्हायचात. माझ्यावर ती पुष्कळदा अशी रागावली आहे.

दोन पावसाळ्यांत तिची भाषा पालटली. रस्त्यापलीकडे सगुणाचं घर होतं. सगुणा माझ्याच वयाची, उंच, खणखणीत आवाजाची. तिचा नवरा तात्या जेवढा मुका तेवढी ही बोलकी. ती कुंपणापलीकडून हाका मारायची आणि कुमुदताई तारेला नाक लावून गप्पा ऐकायची. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या बाईच्या तोंडी हळूहळू ‘हाय’ आलं, ‘न्हाई’ आलं, ‘लई’ आलं. श्रीकांत महिन्यातून एकदा भेटायला यायचा. तो हादरलाच. "ताई, हे काय बोलतेस? ‘हाय’ काय?"

तिनं नेहमीप्रमाणे वेळ घेतला. "हाय म्हंजे हाय," ती म्हणाली.

एका वर्षी लावणीच्या दिवसांत सगुणा फाटकाशी आली आणि म्हणाली, "बाई, कुमुदला सोडा की माझ्या खाचरात. ती कवाधरनं म्हनतीया." मला आनंद झाला. आमच्या ऑफिसला उपक्रम फार आवडत, आणि आमच्याकडे उपक्रमांचा दुष्काळ होता. मी कुलूप काढलं. प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, चष्मा माझ्या हातात देऊन ती चिखलात उतरली.

लावणीत प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंतची आपल्या वाट्याची पट्टी. एकदा धरली की टोकापर्यंत लावत जायची, मधे सोडायची नाही. बाकीच्या बायका भराभरा मागे सरकत टोकाला पोचल्या तेव्हा कुमुदताई अजून सुरुवातीलाच होती. ती एकेक रोप असं खोचत होती की त्याला दुखू नये. मला राहवेना. मी बांधावरून म्हटलं, "अगं, कोणीतरी तिची पात पुरी करा."

सगुणानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलतंच काही बोलले. "तिची पात तिला," ती म्हणाली. "आपून न्हाई हात घालायचा." आणि सगळ्याजणी बांधावर बसून राहिल्या. त्यातली एक कुरकुरलीही, "हिच्यापायी च्या थंड व्हतोय." पण उठली नाही. कुमुदताईनं पात पुरी केली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि मग सगळ्यांचा चहा झाला. मला जे करायला शिकावं लागत होतं ते त्या बायका अगदी सहज करत होत्या. त्यांनी आयुष्यभर भाताची वाट बघितलेली होती, एका बाईची बघायला त्यांना काय अवघड.

भातं कापून झाल्यावर एका सकाळी सगुणा, तात्या आणि सगुणाच्या दोन जावा फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात कुदळ, पहार, घमेली. मी घाबरलेच. "काय झालं?"

"सावड फेडायला आलोय," सगुणा म्हणाली. "कुमुदची. सांगा, काय काम हाय."

सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात राबायचं आणि उद्या मी तुझ्या. त्या खोऱ्यातली निम्मी शेती त्याच्यावर चालायची. मी ज्याला उपक्रम समजत होते ते यांच्या लेखी सावड होतं. मला भरून आलं आणि भरून आल्यावर माणूस हमखास जे चुकीचं बोलतं तेच मी बोलले. "छे छे, कशाला? तिनं आनंदानं केलं. तिचं काही फेडायचं नसतं."

सगुणाचा चेहरा उतरला. "म्हंजे तिचं काम कामात धरायचं न्हाई व्हय?"

तात्या, जो सहसा बोलत नसे, तो म्हणाला, "तिलाच इचारा की."

तिला विचारलं. मग आम्ही सगळे थांबलो. कुमुदताईनं घराकडे बघितलं, मागच्या परसाकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं. मग चालत फाटकाशी गेली आणि मी कुलूप काढेपर्यंत उभी राहिली. बाहेर गेली, रस्त्याच्या कडेला कुंपणाला लागून थोडी मोकळी जागा होती तिथे दोनदा पाय आपटला आणि म्हणाली, "हितं ओटा."

मी म्हटलं, "ताई, ओटाच हवा तर आत आंब्याखाली करू या ना. सावली आहे."

"आत न्हाई," ती म्हणाली. "आत कोण येतंय?"

संध्याकाळपर्यंत ओटा उभा राहिला. बांधावरचे दगड, मातीचा गिलावा, वर तात्यानं ओढ्यातून आणवलेले चपटे काळे दगड. कुमुदताईनं घमेलं उचललं नाही. ते दुसऱ्यांचं काम होतं. ती मुकादमासारखी उभी राहिली. ओटा झाला आणि मग माझ्या लक्षात आलं की बाहेर ओटा असलेल्या बाईला आत कोंडून ठेवता येत नाही. मी फाटक दिवसभर उघडं ठेवू लागले आणि कुलूप गंजलंय असं पुण्याच्या ऑफिसला कळवलं. ते दुरुस्त करायला कोणी आलं नाही. संस्थेनं मला इतक्या वर्षांत केलेल्या मदतींत मी ही सर्वांत वरची मानते.

ओट्यावर तिची जागा डावीकडची, ठरलेली. शेजारी एका माणसाची जागा ती नेहमी मोकळी ठेवी, आणि कोणी येताना दिसलं की तळहातानं त्या दगडावर थोपटायची. बस म्हणायची ती तिची पद्धत. जीपची वाट बघणारे तिथे बसत. दुधाचे कॅन टेकवले जात. बाजाराहून येणाऱ्या बाया पाटी उतरवून दम खात आणि जाता जाता सगळ्या गावाची खबर ठेवून जात. डोंगरापलीकडे हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यामुळे जागा शोधणारे मोटारसायकलवाले पत्ता विचारायला थांबत. तिचं उत्तर येईपर्यंत काही ते थांबत नसत. मग ती त्यांनी उडवलेल्या धुळीला सांगायची, "डावीकडं."

मलाही कधीतरी थोपटून बोलवायची. आम्ही दोघी बसायचो. बोलायचो असं नाही. मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, पण आठवण येते ती त्या ओट्यावर न बोलता बसल्याची.

जागा शोधणाऱ्यांना शेवटी जागा सापडली, आणि ती आमचीच निघाली. घरमालकानं घर आणि मागची खाचरं बंगल्यांच्या स्कीमला विकली. ऑफिसनं शहराजवळ नवी इमारत घेतली. लिफ्ट, डॉक्टर, गरम पाणी, सगळं. खरोखर चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. बाकीची तिघं खुशीनं निघाली. एकाला तर लिफ्टची स्वप्नं पडू लागली. कुमुदताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. तिची खोलीसुद्धा ठरली होती. ती जाऊन ओट्यावर बसली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

श्रीकांतला बोलावलं. तो आला, तिच्या शेजारी बसला. मी उभी होते. सगुणा रस्ता ओलांडून आली. कुमुदताई म्हणाली, "मी हितं ऱ्हाणार."

"इथे कुठे? घर पाडणारेत, ताई."

"आमच्या पडवीतली खोली मोकळी हाय," सगुणा म्हणाली. "माजं आन् तिचं बोलनं झालंय."

श्रीकांतला ते पटण्यासारखं नव्हतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. तो काही वाईट भाऊ नव्हता. तो म्हणाला, "सगुणाबाई, आई जाताना हिचा हात माझ्या हातात देऊन गेली. उद्या काही कमीजास्त झालं तर मी काय तोंड दाखवू? तुम्ही हिला सांभाळाल, पण किती दिवस?"

"सांभाळायला ती काय वासरू हाय?" सगुणा म्हणाली. "ऱ्हाईल की. आमी ऱ्हातो तशी."

मग श्रीकांतनं बहिणीकडे मोर्चा वळवला. "ताई, ताप आला तर?"

"सगुणा."

"रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला लागलं तर?"

"बाळूची जीप." जीपवाला बाळू ओट्याचा रोजचा गिऱ्हाईक होता.

"औषधं विसरलीस तर?"

"शाळंतल्या बाई येतात जीपला. त्या इचारतात. रोज." हे मलाही ठाऊक नव्हतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आणि रडू आलं तर?"

या वेळी तिला फार वेळ लागला. "रडू आलं तर रडायचं," ती म्हणाली. "त्याला कोण कशाला पायजे?"

अखेर असं ठरलं की दिवाळीपर्यंत राहून बघावं. काही गडबड झाली तर श्रीकांत येऊन तिला नेईल, मग हट्ट चालायचा नाही. खर्चाचं काय ते त्यानं आणि तात्यानं दोन वाक्यांत मिटवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कुमुदताईची पेटी रस्त्यापलीकडे गेली. त्या वर्षी तिनं सगुणाची लावणी पुन्हा केलीच होती, तेव्हा सावड तिची येणं होती. तिनं ती ताबडतोब मागितली. बंगलेवाल्यांची यंत्रं यायच्या आधी ओट्याचा दगडन् दगड उचलून सगुणाच्या दारापुढे, पुन्हा रस्त्याच्या कडेलाच, रचला गेला.

मी नव्या इमारतीत गेले. तिथे सगळं होतं आणि मला करमत नव्हतं. संध्याकाळी कोणी थोपटून बोलवत नसे. सुट्टी मिळाली की मी जीप पकडून वर जायचे आणि बघायचे तर त्या दोघींचं भांडण चाललेलं. सगुणाच्या कोंबड्या हिच्या खोलीत शिरतात म्हणून हिनं दाराला आतून कडी घातलेली, आणि सगुणाची पिठाची चाळण त्या खोलीत अडकलेली. "लई हेकट हाय तुमची कुमुद," सगुणा सांगायची. "माझी न्हाई," मी म्हणायचे. आम्ही दोघी हसायचो आणि आतून आवाज यायचा, "कोण पायजे?"

दिवाळी आठवड्यावर आली आणि गडबड झालीच. कुमुदताई एकटीच पौडच्या बाजाराला गेली, रिबिनी आणायला. जाताना बाळूच्या जीपनं गेली, येताना भलत्याच जीपमध्ये बसली आणि घोटावडे फाट्याला उतरली. इकडे सगुणाचा जीव टांगणीला. तात्या पौडपर्यंत जाऊन आला. दिवेलागणीला ती एका दूधवाल्याच्या टेम्पोतून, त्याच्या शेजारी ऐटीत बसून परत आली. सगुणा आधी रडली आणि मग तिला वाट्टेल ते बोलली. कुमुदताईचं म्हणणं एवढंच, "चुकले. मग इचारलं. मग आले."

श्रीकांतला कुणीतरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला नव्या इमारतीतून घेऊन तडक निघाला. पोचल्यावर खोलीत गेला, पेटी बाहेर आणली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. मी मधे पडले नाही. अट सगळ्यांसमोर ठरली होती. सगुणा दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. कुमुदताई ओट्यावर बसली होती, आपल्या डाव्या टोकाला. चष्मा डोळ्यांवर होता.

श्रीकांत तिच्यापुढे उभा राहिला. "चल, ताई."

ती हलली नाही. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. "अगं, रात्र झाली असती तर? कोणी भलतं माणूस भेटलं असतं तर? तुला कळत कसं नाही? काय करू मी तुझं? सांग ना, काय करू?"

हे काही तिला विचारलेलं नव्हतं. माणूस वैतागून विचारतं तसं ते होतं. पण तिनं ते विचारलेलं धरलं. तिनं शेजारचा दगड थोपटला. तो बसला. ती विचार करू लागली. श्रीकांतनं तोंड उघडलं, मी मान हलवून नको म्हटलं, आणि त्यानं तोंड मिटलं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा. दुधाचे कॅन आले आणि गेले. बाळूनं जीप थांबवली, आमचे चेहरे बघितले आणि हॉर्न न वाजवता पुढे नेली. सगुणानं आणलेल्या चहावर साय धरली.

"भाऊबीजेला," ती म्हणाली. मग पुन्हा थांबली. "भाऊबीजेला भाऊ भैनीकडं जातो."

श्रीकांतनं तिच्याकडे वळून बघितलं.

"भैनीच्या घरी," ती म्हणाली. "तू कदी आला न्हाईस. माझं घर नव्हतं. आता हाय. तू ये."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरी भाऊबीज होत होतीच. पण तिला पाटाशी नेऊन उभं करायचं, तिच्या हातात तबक द्यायचं, तिचा हात धरून ओवाळायचं आणि तबक काढून घ्यायचं. तो तिच्याकडे कधी गेलाच नव्हता, कारण ती त्याच्याकडेच होती. श्रीकांतनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळानं उठला, डिकी उघडली, पेटी उचलली आणि होती तिथे नेऊन ठेवली.

भाऊबीजेला तो बायकोमुलांना घेऊन आला. साडी आणली होती, फ्रॉक नव्हे. त्यांच्या आग्रहानं मीही होते. करंज्या कुमुदताईनं आणि सगुणानं केल्या होत्या आणि तेलात निम्म्या फुटल्या होत्या. ओवाळताना तिला भरपूर वेळ लागला, निरांजन एकदा विझलं, आणि पाटावर बसलेला तो सबंध वेळ मान वर करून तिच्याकडे बघत होता. निघताना म्हणाला, "येतो, कुमुदताई." ती म्हणाली, "ये." त्यानंतर दरवर्षी तो यायचा, आणि ‘दिवाळीपर्यंत’ हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

२०१० साली माझी नोकरी संपली आणि मुलीकडे, नागपूरला कायमचं जायचं ठरलं. संध्याकाळची गाडी होती. सकाळी मी तिचा निरोप घ्यायला वर गेले. लावणीचे दिवस. सगुणाच्या घराला कडी, दारापुढे ओटा रिकामा. मी बांधावरून चालत खाचराशी गेले. सगळ्याजणी ओळीनं वाकलेल्या, आणि त्यांच्या बऱ्याच मागे, एकटी, तिची पात. केस आता सगळे पांढरे झाले होते. वेण्या मात्र दोनच आणि रिबिनी लाल.

"ताई, मी आले. वासंती."

"कळलं," ती वर न बघता म्हणाली.

मी सांगितलं, मी जातेय. लांब जातेय. आणि मग, खरं सांगते, आधी काही ठरवलेलं नसताना तोंडातून निघून गेलं, "माझ्याबरोबर येतेस का? चार दिवस राहा. मग आणून सोडीन." मला किती वाटत होतं तिनं हो म्हणावं असं. मी थांबले. तिनं हातातली रोपं खोचली, आणखी काही उचलली, तीही खोचली.

"न्हाई," ती म्हणाली. "माझी सावड चाललीया." आणि जरा वेळानं, "ओट्यावर बस. पात झाली की येते."

मी ओट्यावर जाऊन बसले, उजवीकडच्या, शेजाऱ्याच्या जागी. तिथून खाचर दिसत होतं. ती मागे मागे सरकत होती, तिच्या त्याच चालीनं. टोक गाठायला चार हात राहिले होते. बाळूची जीप आली. ती चुकली तर पुढची दुपारची, आणि दुपारच्या जीपनं माझी गाडी मिळणार नव्हती. बाळू म्हणाला, "बाई, थांबू का वाईच?" आत माणसं खचाखच भरलेली, त्यांतल्या एकीच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं. मी चढले.

रस्ता खाचराला लांबचा वळसा घालून चढतो, त्यामुळे वरच्या वळणावरून सगळं पुन्हा एकदा दिसतं. मी खिडकीतून बघितलं तेव्हा तिची पात पुरी झाली होती. ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. मग बांधावरून, कोपरापर्यंत चिखलाच्या हातांनी, अजिबात घाई न करता ओट्याकडे चालत गेली. बाळूला सांगितलं असतं तर त्यानं जीप उभी केली असती. पण आणखी एकदा निरोप घ्यायची माझी छाती नव्हती. ती ओट्यापाशी पोचली, आपल्या डाव्या टोकाला बसली. लावणीसाठी काढलेला चष्मा डोळ्यांवर नव्हता, तिला हाताभरापलीकडचं काही दिसत नव्हतं. तिनं शेजारच्या दगडावर तळहातानं थोपटलं, आणि थांबली.